कुणीही न बसलेली खुर्ची

आमच्या घरात अशी एकही खुर्ची नव्हती, जिच्यावर पहिल्यांदा आम्ही बसलो असू.

आम्ही गरीब होतो असं मुळीच नाही. मी आयटीत आहे, पगार वेळेवर होतो, वाईट सवयी परवडत नाहीत म्हणून नाहीत असंही नाही. पण नेदरलँड्सला आल्यावर पहिल्याच महिन्यात मला ख्रोफफाउलचा शोध लागला आणि मी माणसातून उठलो. ख्रोफफाउल म्हणजे मोठा कचरा. (घसा खाकरल्यासारखी सुरुवात करायची, की उच्चार बरोबर येतो.) झूटरमेरला आमच्या भागात महिन्यातल्या एका बुधवारी लोक घरातलं नको असलेलं सामान फुटपाथवर काढून ठेवतात. कपाटं, टेबलं, दिवे, आरसे. दुपारनंतर नगरपालिकेची गाडी येते आणि सगळं घेऊन जाते. सकाळपासून गाडी येईपर्यंतच्या मधल्या वेळात ते सामान कुणाचंच नसतं. म्हणजे माझं असतं.

नऊ वर्षांत मी असा अख्खा संसार उभा केला. सोफा एका घटस्फोटातून मिळाला. डायनिंग टेबल समोरच्या आजोबांचं. (त्यांना जाऊन आठवडाही झाला नव्हता, पण गाडी बुधवारीच येते त्याला मी काय करणार?) हे सगळं वाहून आणायला जी चाकांची ट्रॉली लागते, तीसुद्धा मला रस्त्यावरच मिळाली होती. पुढे पुढे तर आमच्या मराठी ग्रुपवर नव्याने आलेल्या मंडळींना मी यात मार्गदर्शन करू लागलो. 'आधी बसून बघावं, मग उचलावं, विचार घरी जाऊन करावा' हे माझे तीन नियम ग्रुपवर पिन केलेले आहेत. पुण्यात माझ्या वडिलांना मुलगा परदेशात काय करतो हे नीट कळलेलं नाही, आणि मीही खोलात जाऊन सांगत नाही.

मंजिरीने, म्हणजे माझ्या बायकोने, सुरुवातीची वर्षं मला साथ दिली. तेव्हा ती डिपेंडंट व्हिसावर होती, पगार एकच होता, आणि दोघांनी मिळून कपाट ढकलत आणण्यात थोडी मजाही होती. मग ती डच शिकली, परीक्षा दिल्या आणि एका पाळणाघरात नोकरीला लागली. आता दिवसभर डच बाळं कडेवर घेते. संध्याकाळी घरी येते तेव्हा कंबर आणि पाय दोन्ही बोलत असतात. चाळिसाव्या वाढदिवसाला काय हवं असं मी विचारलं (विचारायला काही लागत नाही), तेव्हा तिने आधीच ठरवून ठेवल्यासारखं उत्तर दिलं.

"मला एक खुर्ची हवी आहे. नवी. पाय वर घेता येतील अशी. जिच्यावर माझ्याआधी कुणीही, म्हणजे कुणीही, बसलेलं नाही."

मी म्हटलं, अजून एखादं वर्ष थांबलो तर तशीच एखादी कुणीतरी टाकेलच.

"प्रसाद, नऊ वर्षं मी सोफ्यावर बसते ती दुसऱ्याच कुठल्यातरी बाईच्या खड्ड्यात. ती बाई कोण, कुठली, मला माहीत नाही. ती नवऱ्याला सोडून गेली एवढंच माहीत आहे. आणि मला आता त्याचं कारणही कळायला लागलंय."

पैसे तिच्या स्वतःच्या पगारातले होते, त्यामुळे कुरकुर करायला जागा नव्हती. ती आमच्या इराला घेऊन दुकानात गेली. इरा तेरा वर्षांची आहे, मराठी सगळं समजतं, उत्तरं इंग्रजीत किंवा डचमध्ये देते. मला नेलं नाही. गादी घ्यायला गेलो होतो तेव्हा मी दुकानदाराला 'एखादी थोडी फाटलेली आहे का' असं विचारलं होतं, तेव्हापासून मला बंदी आहे. तीन महिने घरात त्या खुर्चीचीच चर्चा होती. कुठल्या बटणाने पाठ मागे जाते, कुठल्याने पाय वर येतात, मान टेकायची उशी कशी फिरते. रंग म्हणे पेट्रोल. मी मनात काळपट, तेलकट असं काहीतरी धरून चाललो होतो, आणि चाळिशीत बायकांची आवड बदलत असेल म्हणून गप्प बसलो.

माझ्याकडे फक्त दोन कामं होती. खुर्ची घरी पोचवायचा ऑनलाइन फॉर्म भरायचा, आणि ती येईल त्या दिवशी घरी थांबायचं. फॉर्मवर दोन पर्याय होते: वर आणून, खोलीत हवी तिथे ठेवून द्यायची, त्याला पैसे, किंवा खालच्या दारापर्यंत, ते फुकट. एक जिना चढवायला पैसे द्यायचे हे माझ्या जिवावर आलं. ट्रॉली आहे, संध्याकाळी कुणालातरी बोलावू, असं म्हणून मी दुसरा पर्याय निवडला आणि मंजिरीला सांगितलं, सगळी सोय झाली आहे.

खुर्ची येणार होती बुधवारी. तोच बुधवार. त्यात आमच्या ऑफिसात बुधवारी जेवण फुकट असतं. घरून काम करीन असं मी मंजिरीला कबूल केलं होतं, पण त्या दिवशी जेवणात सामोसे असल्याची बातमी आली. माणूस काही तीन-चार तास दारात ताटकळत राहणार नाही, आला की फोन करेल, त्यात काय एवढं, असा विचार करून मी निघालो. निघताना सवयीप्रमाणे फुटपाथवर एक नजर टाकली. तिसऱ्या मजल्यावरचा म्हातारा घर रिकामं करत होता. एक गादी, एक मोडकं शेल्फ, एक दिवा. दिव्याचं मनावर घेतलं असतं, पण ट्राम चुकली असती.

फोन आला तेव्हा मी रांगेत होतो, हातात ताट. पलीकडचा माणूस घाईत आणि डचमध्ये. आता माझ्या डचबद्दल सांगितलं पाहिजे. नऊ वर्षांत ऑफिसात इंग्रजी आणि घरी मराठी चालल्यामुळे माझं डच दुकानातल्या पाट्यांपुरतं आहे. सवलत, दोनवर एक, मोफत, यासाठी त्यांच्याकडे जेवढे शब्द आहेत तेवढे सगळे मला येतात. बाकीचे मी युक्तीने लक्षात ठेवतो. तर तो माणूस म्हणाला की खालच्या शेजारणीने दार उघडलंय, तेव्हा खुर्ची बिनन ठेवू की बाउतन?

एक शब्द 'आत', एक शब्द 'बाहेर', एवढं मला पक्कं माहीत होतं. कुठला कुठला, त्यासाठी माझी युक्ती होती. बिनसाखरेचा चहा, बिनपगारी रजा, बिनकामाचा माणूस. 'बिन' म्हणजे ज्याला ती गोष्ट नाही. तेव्हा बिनन म्हणजे बिनघराचं, अर्थात बाहेर. उरला तो बाउतन. तो म्हणजे आत. ही युक्ती मी चार-पाच वर्षांपूर्वी काढली होती आणि इतकी चोख बसली होती की पुन्हा कधी तपासावीशी वाटली नाही.

"बाउतन," मी ठासून सांगितलं.

त्याने दोनदा विचारलं, नक्की ना? मी दोनदा म्हटलं, नक्की. मग त्याने विचारलं, खोकं आणि प्लॅस्टिक काढून परत नेऊ का, त्याचे पैसे पडत नाहीत. पैसे पडत नाहीत हे वाक्य मला डचमध्ये फार चांगलं कळतं. मी म्हटलं, न्या, न्या, सगळं न्या. एवढं सगळं परक्या भाषेत निभावल्याबद्दल स्वतःवर खूश होऊन मी एक सामोसा जास्त घेतला.

जेवण संपत आलं तेव्हा ग्रुपवर फोटो आला. पाठवणारा नीरज. हा नाशिकचा मुलगा, बायकोबरोबर तीन महिन्यांपूर्वी आलेला, आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे राहतो आणि मला गुरुस्थानी मानतो. फोटोत आमच्या इमारतीखालचा फुटपाथ होता. म्हाताऱ्याची गादी होती, शेल्फ होतं, आणि त्यांच्या शेजारी एक देखणी मोरपंखी आरामखुर्ची.

नीरजने लिहिलं होतं, दादा, तुमच्या दारात ही मिळतेय, पण अगदी नवी दिसते, लेबलसुद्धा लटकतंय, कुणी चुकून तर ठेवली नसेल?

मी ताट बाजूला सारलं. हेव्याने. सकाळी मी बघितलं तेव्हा नव्हती आणि आता मी आठ स्टॉप लांब! पण शिष्यापुढे मन मोठं करावं लागतं. मी लिहिलं, तिसऱ्या मजल्यावरचा म्हातारा घर आवरतोय, त्याचीच असणार. डच लोकांना कंटाळा आला की लेबलासकट टाकतात. त्याने पुन्हा शंका काढली, मालक शोधत आला तर? त्यावर मी जे लिहिलं ते आजही ग्रुपवर आहे, आणि लोक मला ते अधूनमधून वाचून दाखवतात:

"टाकणारा परत येत नाही. अशी एक आरामखुर्ची रस्त्यावर सोडून जाणारा मूर्ख जगात आहे म्हणून आपले संसार उभे राहतात. लगेच उचल."

त्यावर सतरा जणांनी हसरे चेहरे टाकले. नीरजने विचारलं, तुमची ट्रॉली सायकलींच्या खोलीत आहे का, घेऊ का? मी लिहिलं, घे की, विचारायचं काय त्यात. अर्ध्या तासाने त्याने कळवलं की तीन नियमांप्रमाणे आधी तो बसला, मग त्याची बायको केतकी बसली, मग उचलली. मी अंगठा दाखवला.

संध्याकाळी घरी आलो तर खाली दाराच्या आत काही नव्हतं. जिन्यात नव्हतं. शेजारणीने वर चढवली असेल म्हणून धावत वर गेलो, तर तिथेही नव्हतं. इरा शाळेतून आलेली होती. तिला मी म्हटलं, अगं, तो माणूस खुर्ची कुठे ठेवून गेला कोण जाणे, मी तर स्वच्छ सांगितलं होतं, बाउतन म्हणून.

इरा मोबाइलमधून डोकं वर काढत नाही. त्या दिवशी तिने काढलं.

"बाबा, बाउतन इज आउटसाइड."

"नाही गं. बिनन म्हणजे बाहेर. बिन, बिन-"

"नो, बाबा. बिनन इज इन. लाइक, लिटरली, इन."

मी खिडकीपाशी गेलो. फुटपाथ स्वच्छ होता. नगरपालिकेची गाडी येऊन गेली होती. त्या क्षणी मला वाटलं, मंजिरीची खुर्ची कचऱ्याच्या गाडीत चिरडली गेली. मग इराला मी, ती कशी दिसते, असं विचारलं. खरं तर तीन महिन्यांपूर्वी विचारायला हवं होतं. इरा म्हणाली, पेट्रोल. मी म्हटलं, म्हणजे काळपट ना? तिने मोबाइलवर रंग काढून माझ्यापुढे धरला.

मोरपंखी.

मी सोफ्यावर बसलो. त्या बाईच्या खड्ड्यात. आणि खरं सांगतो, मला रडायला आलं होतं. खुर्ची सापडली याचा आनंद व्हायला हवा होता, पण माझ्या डोळ्यांपुढे नीरज बसला होता, केतकी बसली होती, आणि 'कुणीही, म्हणजे कुणीही' हे मंजिरीचे शब्द होते. बायकोने नऊ वर्षांत एक गोष्ट मागितली होती. ती मी फुकट पोचवणी, फुकट सामोसे आणि फुकटचा सल्ला या तिन्हीच्या जोरावर दुसऱ्याच्या घरी पोचवली होती, वर ट्रॉली दिली होती.

मंजिरी आली तेव्हा तिच्या हातात फोन होता. पाळणाघरात फोन कपाटात ठेवावा लागतो, त्यामुळे सगळा ग्रुप तिने बसमध्ये एकदम वाचला होता. तिने पर्स खाली ठेवली, फोन माझ्यासमोर धरला आणि फक्त 'मूर्ख' या शब्दावर बोट ठेवलं.

मी म्हटलं, एवढं एक वाक्य बरोबर लिहिलंय.

"ऊठ," ती म्हणाली. "मला माझी खुर्ची आणायची आहे."

दोन गल्ल्या चालताना मी तिला सांगून पाहिलं की दोघं मिळून फार तर मिनिटभर बसली असतील, ते काही खरं बसणं नव्हे. ती पुढेच चालत राहिली. नीरजकडे काय बोलायचं हे मी मनात जुळवत होतो. ज्याने दुपारी गुरू म्हणून मिरवलं त्याने संध्याकाळी दारात उभं राहून 'तो मूर्ख मीच' हे कसं सांगायचं, याला काही सोपा मार्ग सापडत नव्हता.

नीरजने दार उघडलं आणि माझ्या पाया पडायचाच बाकी राहिला. आत खोलीच्या मध्यभागी, मोरपंखी खुर्चीत, अंगावर शाल घेऊन त्याची आई बसली होती. काकू आदल्याच आठवड्यात नाशिकहून पहिल्यांदा लेकाकडे आल्या होत्या. त्यांच्या गुडघ्यांचं दुखणं जुनं. नीरजचं घर अजून लागलेलं नव्हतं, दोन सरळ पाठीच्या लाकडी खुर्च्या (माझ्याच सल्ल्याने मिळवलेल्या) आणि जमिनीवर गादी, एवढाच कारभार. खाली बसलं तर उठवत नव्हतं आणि खुर्चीत बसलं तर पाय सुजत होते.

"तुम्हीच का ते प्रसादराव?" काकू म्हणाल्या. "देव तुमचं भलं करो. विमानातून उतरल्यापासून आज पहिल्यांदा पाठ टेकली बघा मी. आणि ज्या कुणी ही टाकली ना, त्याच्याही लेकराबाळांना सुखी ठेवो."

मी इराचा विचार करून मान खाली घातली. मग तोंड उघडलं. काय वाटेल ते होवो, एवढं तरी मंजिरीसाठी करायचंच असं ठरवून मी म्हटलं, काकू, एक सांगायचं होतं, ही खुर्ची-

"चुकीची लावलीय," मंजिरी मध्येच म्हणाली.

ती पुढे झाली, खुर्चीच्या बाजूला गुडघ्यावर बसली आणि हाताखालच्या फटीतलं एक बारीक बटण दाबलं. काकूंचे पाय अलगद वर आले. दुसरं दाबलं तशी मानेची उशी पुढे सरकली. नीरज बघतच राहिला. त्याला एवढ्या वेळात फक्त पाठ मागे कशी जाते तेच सापडलं होतं.

"वहिनी, तुम्हाला कसं माहीत?"

"दुकानात बघितली होती एकदा," मंजिरी म्हणाली, आणि काकूंच्या पायावर शाल नीट केली.

आम्ही चहा घेतला. काकूंनी नाशिकहून आणलेला चिवडा दिला. मी तो लाकडी खुर्चीवर बसून खाल्ला, आणि त्या खुर्चीची पाठ इतकी सरळ आहे हे तिची शिफारस करताना माझ्या लक्षात आलं नव्हतं. निघताना नीरजने माझी ट्रॉली पुसून परत दिली. रिकामी ट्रॉली ढकलत आम्ही घरी निघालो, आणि गल्लीच्या वळणावर मंजिरी थांबली. मला वाटलं, आता. पण ती हसत होती, डोळे पुसत पुसत हसत होती. 'बिनकामाचा माणूस' एवढंच तिला बोलता येत होतं, म्हणजे माझी 'बिन'ची युक्ती इराने फोन करून तिला सांगितलेली होती.

मी म्हटलं, उद्या जाऊन खरं सांगतो आणि घेऊन येतो.

"नको. त्यांना राहू दे. मला कशी हवी होती, ते तुला अजून कळलेलंच नाही."

कळलं होतं. म्हणूनच तिथल्या तिथे, ट्रॉलीवर बसून, मी फोन काढला आणि तीच खुर्ची पुन्हा मागवली. या वेळी माझ्या पगारातून. रंग पेट्रोल. मंजिरी माझ्या खांद्यावरून बघत होती, पर्याय एकेक येत होते आणि मी न थांबता होकार देत होतो. वरच्या मजल्यावर आणून द्यायची? हो. बटणं चालवून दाखवायची? हो. खोलीत हवी तिथे ठेवून द्यायची? हो. सगळ्याला पैसे होते आणि प्रत्येक होकाराबरोबर माझ्या छातीत बारीक कळ येत होती, पण मी थांबलो नाही. हे असं आयुष्यात कधी केलं नव्हतं, आणि गंमत म्हणजे तिसऱ्या होकारानंतर मला ते आवडायला लागलं.

शेवटचा पर्याय डचमध्ये जरा लांबलचक होता. मंजिरीने फोन हातात घेतला आणि मला मराठीत वाचून दाखवला: घरातली जुनी, जागा अडवणारी, आता उपयोगाची नसलेली एक वस्तू येताना आमची माणसं घेऊन जातील, आणि ही सेवा मोफत आहे. मग तिने मला डोक्यापासून पायापर्यंत नीट न्याहाळलं.

आणि मी, जन्मात पहिल्यांदा, फुकट मिळत असलेली गोष्ट घाईघाईने नाकारली.